रिकामं तोंड

जुन्या हॉलिवूडच्या नट्या तोंड उघडून बोलत, एवढ्या एका गुणासाठी मी त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायला तयार आहे. वाक्य सुरू होई, पूर्ण होई, मग ओठ मिटत. समोरचा पुरुष आपली पाळी येईपर्यंत थांबे. नवरा सोडून गेलेला असो नाहीतर घर लिलावात निघालेलं असो, बाईंचा चेहरा दिव्याकडे आणि एकेक अक्षर सुटं. मी डबिंग करते. चेन्नईत बसून दुसऱ्यांच्या तोंडात तमिळ घालणं हा माझा कित्येक वर्षांचा धंदा आहे, त्यामुळे सिनेमा मला आधी ओठांत दिसतो आणि मग बाकीचा.

सध्या वडपळनीच्या एका स्टुडिओत जुने काळे-पांढरे इंग्रजी सिनेमे तमिळमध्ये आणायचं काम चाललं आहे. लोकांनी ते बसमधून जातायेता मोबाइलवर बघावेत अशी कल्पना. कोण बघतं देव जाणे, पण त्या निमित्ताने मला पुन्हा बोलावणं आलं, कारण आजच्या मुलींचे आवाज त्या चेहऱ्यांवर काही केल्या बसेनात. त्या बायकांना भरलेला, वाक्य शेवटपर्यंत पेलणारा आवाज लागतो. या वयात कुणी आपल्याला आपल्या जुनेपणासाठी बोलावतं, याचा आनंद मी मुळीच लपवत नाही.

माझे वडील रेल्वेत होते, बदली होऊन महाराष्ट्रातून इथे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे माझी मराठी घरची, आणि तमिळ शाळेतली नि गल्लीतली. लग्न झालं तेही इथल्याच, तंजावरकडच्या मराठी घरात. आमच्या ह्यांची मराठी म्हणजे जुन्या पोथीतून उठून आलेली, वर तमिळचा हेल. ‘मी आलों’, ‘तूं बैस’, ‘पोदुम्, आतां पुरें’. लग्नानंतर कितीतरी दिवस मला हसू आवरत नसे, आणि ह्यांना माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटे. त्याने दोघांचंही काही अडलं नाही. हे बँकेत होते आणि बोलण्यात ह्यांचा हात कुणी धरत नसे. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत कोथिंबीर आणायला गेलेला हा माणूस वाटेत क्रिकेटवर दोन वाद घालून यायचा, आणि कोथिंबीर विसरून यायचा.

मी काम सुरू केलं तेव्हा फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं जोडून त्याचं वेटोळं करत आणि तेच दृश्य पडद्यावर फिरून फिरून येई. एका माइकभोवती नायक, नायिका, सासू, वकील, सगळ्यांचे आवाज दाटीवाटीने उभे. एक जण चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. नायिका बहुतेक मुंबईच्या, तमिळचा गंध नसलेल्या. शूटिंगच्या वेळी त्या वाक्याच्या जागी आकडे म्हणत. रागात एक-दोन-तीन-चार, प्रेमात तेच आकडे जरा लाडाने. त्या आकड्यांचा मी विरह करायचा. ओठ मिटलेले दिसले की तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी यायलाच हवं, अर्थाचं पुढे बघू. आमचे डबिंग डायरेक्टर फार कडक होते, देव त्यांचं भलं करो. त्यांचा एकच हुकूम असे, पडद्यावरचं तोंड रिकामं दिसता कामा नये. ओठ हलले की आवाज पाहिजे. हुंकार भरा, ‘अय्यो’ भरा, पण भरा. मी भरायला शिकले आणि त्यातच नाव मिळवलं.

त्या काळचा अभिनयही भरण्याचाच होता, आमच्याकडचा काय नि त्यांच्याकडचा काय. माइक डोक्यावर काठीला टांगलेला, त्याच्यापर्यंत पोचायचं तर आवाज छातीतून काढावा लागे. दिवे जागच्या जागी, म्हणून माणूसही जागच्या जागी. मनातलं सगळं बाहेर काढून प्रेक्षकाच्या ताटात वाढायचं, उपाशी कुणी जायचं नाही. आता तोच माइक कॉलरच्या आत टोचलेला असतो आणि कॅमेरा पापण्यांपर्यंत येतो. त्यामुळे आजचे नट बोलतात कुठे, पुटपुटतात. घास तोंडात असताना बोलतात, पाठ फिरवून बोलतात, एकमेकांची वाक्यं मध्येच तोडतात. हे म्हणायचे, पूर्वीचे नट थिएटरातल्या शेवटच्या रांगेसाठी बोलत, आताचे उशीला टेकवलेल्या मोबाइलसाठी बोलतात. ह्यांना ते आवडायचं. मी नाक मुरडायची. मनातलं लपवायचं आणि त्याला अभिनय म्हणायचं, ही कुठली तऱ्हा?

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात-पाय हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली. समजत सगळं होतं. शब्द मात्र आत कुठेतरी अडकून बसत. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं होतं की जे परत यायचं ते बरंचसं पहिल्या वर्षात येतं, आणि तेही ह्यांनी स्वतः बोलायची धडपड केली तर. हा बडबड्या माणूस पुन्हा बोलेल की नाही, या एका गोष्टीवर आमचा सगळ्यांचा जीव टांगलेला होता.

ह्यांचे ओठ हलले की मी तयारच. ओठ मिटून उघडले, म्हणजे पाणी, पेपर, मीठ नाहीतर पंखा. जबडा खाली गेला, म्हणजे आंघोळ किंवा आमटी. नजर खिडकीकडे, म्हणजे पडदा. मी शब्द भरायची आणि हे मान हलवायचे. बघणारे थक्क होत. शेजारीण म्हणाली, अशी बायको मिळायला भाग्य लागतं, आणि मला ते पटलं. तंजावरहून धाकट्या दिरांचा फोन आला की मी तो स्पीकरवर ठेवायची, ह्यांच्या तोंडाकडे बघायची आणि ह्यांच्याच मराठीत उत्तर द्यायची, ‘मी बरा आहें रे, तूं कधीं येतोस?’ हेल, थट्टा, सगळं हुबेहूब. दीर हसत. इतकं चोख डबिंग मी आयुष्यात केलं नसेल, आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

ते थेरपिस्टच्या लक्षात आलं. ‘गेल्या महिन्यापेक्षा हे कमी प्रयत्न करतायत,’ ती म्हणाली. ‘घरी बोलतात ना?’

‘भरपूर बोलतात,’ मी सांगितलं.

त्याच आठवड्यात दिरांचा फोन आला. त्यांनी काहीतरी विचारलं, ह्यांचे ओठ हलले आणि मी सुरू झाले. ह्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. त्यात जोर नव्हता, रागही फारसा नव्हता. पण हात बाजूला झाला नाही. पलीकडून दीर ‘हॅलो, हॅलो, वहिनी’ करत राहिले. मला त्या वेळी भयंकर अपमान वाटला. ह्यांच्यासाठी मी जिवाचं रान करायचं आणि ह्यांनी माझंच तोंड दाबायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. भांडी आदळून झाल्यावर थेरपिस्टला दिलेलं उत्तर आठवलं. घरात भरपूर बोलत होती ती मीच.

चूक कळली म्हणून सुटते असं नाही. हलणारे ओठ दिसले की शब्द माझ्या तोंडून निसटायचाच, जन्माची सवय ती. मग मी ओठ दाताखाली धरून बसू लागले, तर ह्यांना वाटलं मी रुसले आहे. असं चालणार नव्हतं. गप्प कसं बसायचं हे मला या वयात कुणी शिकवणार तरी कोण होतं?

शिकवलं ते एका परक्या नटीने, आणि आमच्या साउंड इंजिनिअरने. त्याच स्टुडिओत आजच्या विदेशी मालिकाही होतात. आता माइकभोवती गर्दी नसते, काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून एकट्याने उभं राहायचं. काचेपलीकडे ही इंजिनिअर, शहराच्या पार उत्तर टोकाच्या एन्नोरहून रोज ट्रेन आणि बस बदलत येणारी, माझी मुलगी शोभेल अशा वयाची, पण कामात माझी सासू. माझ्या वाटेला एक म्हातारी आई आली होती. मुलगा कायमचा घर सोडून चालला आहे आणि ती हातात कप धरून बसली आहे. पहिल्याच टेकला मी जीव ओतला.

‘अम्मा, थोडं कमी,’ हेडफोनमधून आवाज आला. मी कमी केलं. ‘अजून कमी.’

‘आता काय, नुसता श्वास घेऊ?’

‘हो. तिने श्वासच घेतलाय. बोललीय कुठे ती?’

तिने आवाज बंद करून मला तोच तुकडा दाखवला. बाईचे ओठ किंचित हलतात, पण शब्द येत नाही. गळ्यातून काहीतरी वर येतं आणि परत खाली जातं. बऱ्याच वेळाने ती मुलाला स्वेटर घेतलास का एवढंच विचारते. त्या मधल्या जागेत मी ‘अय्यो, कण्णा’, म्हणजे ‘अरे बाळा’, घालून मोकळी झाले होते.

‘मग तेवढ्या वेळात मी करू काय?’ माझा पारा चढलाच होता.

‘तिच्याबरोबर श्वास घ्या. तिने सोडला की तुम्ही सोडा. आणि अम्मा, ओठांकडे नका बघू, गळ्याकडे बघा.’

अख्खी दुपार गेली. किती टेक झाले याची तिने तक्रार केली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. जमलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. तोंड बंद होतं, पण मी त्या बाईबरोबरच होते, तिला सोडून कुठे गेले नव्हते. ती नटी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिने न बोलता धरून ठेवलेला तो वेळ माझ्या घरी कामाला आला, हे तिला कधी कळणार नाही. कळवता आलं असतं तर मी जाऊन तिचे हात धरले असते.

दुसऱ्या दिवशी काळ्या-पांढऱ्या सिनेमाची पाळी होती. माझी आवडती बाई, सरळ मान, सुटी अक्षरं. एक वाक्य संपून दुसरं सुरू होण्याआधी ती जरा थांबते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तेवढ्यातही तिच्या डोळ्यांत बरंच काही येऊन जात होतं. इतकी वर्षं तो वेळ मी घसा साफ करण्यात आणि पुढचं वाक्य जुळवण्यात घालवला होता. नटांनी बोलणं कमी केलं, हे खरंच. पण जुन्याही गप्प राहात होत्या, फक्त आम्ही त्यांना राहू देत नव्हतो.

घरी मी तेच करायला घेतलं. ओठ सोडून गळ्याकडे बघायचं, ह्यांच्याबरोबर श्वास घ्यायचा, आणि थांबायचं. सुरुवातीला नुसताच घोगरा आवाज येई. मग अर्धे शब्द आले, चुकीचेही आले, चमच्याला हे ‘चप्पल’ म्हणाले आणि स्वतःच हसले. ते हसू मी किती दिवसांनी ऐकत होते. थेरपिस्ट खूश झाली. मी देवापुढे दिवा लावताना त्या एन्नोरच्या पोरीचंही नाव घेऊ लागले.

मग ती दुपार. ह्यांच्यासमोर दहीभाताचं ताट ठेवून मी नेहमीसारखी समोर बसले होते. हे डाव्या हाताने, चमच्याने जेवतात. अर्ध्यात थांबले. ओठ मिटले. पूर्वीची मी असते तर एव्हाना पाणी आणि मीठ दोन्ही हजर झालं असतं. मी गळ्याकडे पाहिलं. काहीतरी वर आलं, खाली गेलं. मी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खाली गल्लीतून फुलवाली ओरडत गेली. ह्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या जिभेच्या टोकावर चार-पाच शब्द रांग लावून उभे होते, ते मी गिळले.

‘तूं,’ हे म्हणाले.

मी ह्यांच्याबरोबर आणखी एक श्वास घेतला.

‘जेविली… नाहींस.’

झटका आल्यापासून मी ह्यांचं सगळं आटपल्यावर ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकत होते. ते ह्यांनी पाहिलं होतं. इतके महिने मी ह्यांच्या तोंडात पाणी घातलं, मीठ घातलं, पंखा, पेपर, उशी, पडदा, सगळं घातलं. त्या सगळ्या शब्दांत एकही माझ्यासाठी नव्हता. एवढं एक वाक्य किती दिवस माझ्या बडबडीखाली दबून राहिलं होतं कोण जाणे.

मी माझं ताट वाढून आणलं आणि ह्यांच्यासमोर बसून जेवले.