चकोरांच्या घोळक्यातले मामा

नव्वदच्या दशकात दुबईत तीन गोष्टी कधी थांबत नसत: इमारतींची बांधकामं, घराघरांतले एसी आणि माझ्या बायकोचे मामा. त्यातल्या पहिल्या दोन निदान बिघडत तरी. मामा बिघडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. साताऱ्याकडचा हा माणूस ऐन पंचविशीत दुबईच्या देरा भागात येऊन उतरला, दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करता करता स्वतःची कंपनी काढून बसला, आणि सगळ्या शहराचा मामा झाला. कामगार त्यांना मामा म्हणत, बँकेतले मल्याळी साहेब मामा म्हणत, मामींच्या भिशीतल्या बायकाही मामाच म्हणत. ज्यांच्या नावावर कंपनीचा परवाना आणि सगळ्यांचे व्हिसा होते ते तिथले अरब मालक, म्हणजे आमच्या बोलीत अरबाब, त्यांना 'मिस्टर मामा' म्हणत. पासपोर्टवर या माणसाचं काही वेगळं नाव असेल अशी शंका अरबाबना वीस वर्षांत आली नाही.

मामांच्या सवयी मोजायला बसलं तर जेवण गार होईल. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराच्या आधी त्यांचा हात एसीच्या झडपेसमोर जाई. यजमानांची तब्येत नंतर, आधी गॅसची. एकदा एका बारशाला गेले असताना ते पाळण्याकडे न जाता स्टुलावर चढले आणि फिल्टर काढून बाथरूममध्ये धुवायला घेऊन गेले. नाव ठेवून झालं, पेढे वाटून झाले, तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "आता बाळाला शिंका येणार नाहीत." गाडी चालवताना त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि गच्च्यांवरच्या युनिटांवर जास्त, म्हणून लांबचा प्रवास असला की गाडी मी चालवावी असा मामींचा हुकूम होता. भाषेच्या बाबतीत तर त्यांचं सगळंच उलटं. अरबांशी हिंदी, मल्याळ्यांशी अरबी, मामींशी भांडताना इंग्रजी, आणि मराठी मात्र ते मांजरं, कबुतरं आणि कॉम्प्रेसर यांच्यासाठी राखून ठेवत. देऱ्याच्या गल्लीतल्या एका लठ्ठ मांजरीला ते 'बाई' म्हणत आणि वाट सोडून बाजूला उभे राहत.

एवढं प्राणिप्रेम असलेला माणूस शाकाहारी असेल असं वाटतं. मामा शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मटणाच्या पातेल्याजवळ एखाद्या पहारेकऱ्यासारखे उभे असत. त्यावरून त्यांना कुणी छेडलं की ते शांतपणे सांगत, "मी भूक लागली म्हणून खातो. करमत नाही म्हणून कुणाला मारत नाही." हे वाक्य त्यांनी प्रथम कुणाला ऐकवलं असेल तर आपल्या अरबाबनाच, आणि त्याचीच ही हकिकत.

अरबाबचं अल ऐनच्या वाटेवर मोठं शेत होतं. खजुराची झाडं, उंटांसाठी हिरव्या चाऱ्याचा एक लांबलचक पट्टा, आणि एका टोकाला पक्ष्यांची शेड. तिथे लाल चोचीचे, गळ्यात काळी माळ घातल्यासारखे दिसणारे, तित्तराच्या जातीचे गुबगुबीत पक्षी पाळलेले होते. शेडचं वातानुकूलन मामांच्या कंपनीकडे. एका ऑगस्टात ती यंत्रणा बंद पडली आणि नवा कॉम्प्रेसर येईपर्यंत मामा शेतावरच मुक्कामाला राहिले. ओली पोती टांगली, पंखे लावले, बर्फाच्या लाद्या आणवल्या, आणि स्वतः बनियनवर बसून पक्ष्यांना भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारली. "या रे, जेवायला या," म्हटलं की सगळे धावत येत. मामींचा फोन आला तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. मामींनी विचारलं, "त्यांना मराठी कळतं?"

"कळायला लागलंय. आपल्या पोरांपेक्षा बरं आहे. हाक मारली की येतात, आणि उलटून इंग्रजीत बोलत नाहीत."

पुढे मामांनी पक्ष्यांचे फोटो घरी आणले. मामी मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर चकोर." मामांचा विश्वास बसेना. चकोर हा पक्षी गाण्यात असतो, चांदणं पिऊन जगतो, एवढीच त्यांची समजूत. तो डाळ खातो आणि पायावर घाण करतो हे त्यांना नवीन होतं. त्या दिवसापासून शेडमध्ये जाताना ते चपला बाहेर काढू लागले.

हे पक्षी कशासाठी पाळलेत, ते मामांना हिवाळा लागल्यावर कळलं. अरबाबचे धंद्यातले परदेशी दोस्त थंडीत यायचे, आणि त्यांच्यासाठी शेतावर शिकारीचा कार्यक्रम असायचा. तिथे रानातल्या पक्ष्यांवर बंदूक चालवायला कायद्याने बंदी होती. आपल्याच कुंपणात आपणच पाळलेल्या पक्ष्यांचं काय, याचा अर्थ मात्र अरबाब आपल्या सोयीने लावत. खोके उघडायचे, डबे वाजवून पक्षी उडवायचे, आणि पाहुण्यांनी ओळीने उभं राहून ते पाडायचे. मामा ताबडतोब मजलिसमध्ये, म्हणजे अरबाबच्या बैठकीच्या खोलीत, जाऊन त्यांच्यासमोर बसले. अरबाब माणूस दिलदार होते. मामांच्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी ते स्वतः हॉस्पिटलात येऊन बसलेले. त्यांनी समजुतीने सांगितलं, "मामा, जंगल का नहीं मारता. अपना पालता, अपना मारता. तुम चिकन खाता के नहीं?" तेव्हा मामांनी ते भुकेचं वाक्य हिंदी करून ऐकवलं. अरबाब खूप हसले, मामांना गहवा, म्हणजे तिथली कडू कॉफी, पाजला, आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

पण मामांचं मन काही तिथून उठेना. त्या हिवाळ्यात शेडमधले काही पक्षी, ज्यांच्यावर कुणी गोळी झाडली नव्हती तेसुद्धा, पंख पाडून बसू लागले आणि मरू लागले. चाऱ्याच्या पट्ट्यात उतरणारे रानातले होलेही मेलेले सापडले. मामांनी एक मेलेला चकोर वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि मामी देवळात गेल्याचं पाहून ओट्यावर ठेवून चिरला. पक्ष्यांना दात नसतात. ते दाण्याबरोबर बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या जात्यात सगळं दळतात. त्या जात्यात खड्यांबरोबर शिशाचे छर्रे होते. पाहुण्यांचे जे नेम चुकले ते सगळे चाऱ्यात पडले होते, आणि दिवसा तिथे चरायला सोडलेले शेडमधले पक्षी ते खडे समजून टिपत होते. मामी परत आल्या तेव्हा ओट्यावर चकोर, चहाच्या बशीत छर्रे आणि समोर डोकं धरून बसलेला नवरा असा देखावा होता. त्यांनी आधी ओटा दोनदा फिनेलने धुतला, बशी कचऱ्यात टाकली आणि मग विचारलं, "आता काय करणार?"

"सांगणार," मामा म्हणाले. "नेम लागला तरी मरतात, चुकला तरी मरतात. हे त्यांना ठाऊक नसेल."

"आपले व्हिसे त्यांच्या सहीवर आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मामांनी होकारार्थी मान हलवली. मुलं शाळेत होती, कंपनीत पन्नासेक माणसं होती. 

पुढच्या शिकारीच्या शुक्रवारी जनरेटरची देखभाल म्हणून मामांना बोलावणं होतं आणि गाडी चालवायला अर्थातच मी. पाहुणे आठ-दहा. वाळवंटात लोकरी कोट, टोपीत पीस, आणि ऊन चढायला लागल्यावर टोमॅटोसारखे झालेले चेहरे. पहिले खोके उघडले, डबे वाजले, थवा उडाला, बार झाले. पाच-सहा पक्षी खाली आले. माझ्या शेजारी मामा कागदी कपात चहा घेऊन उभे होते, तो त्यांनी प्यायला नाही. दुसरे खोके उघडले तेव्हा पक्षी उडेचनात. चकोराला मुळात उडण्यापेक्षा पळायला आवडतं. ते चाऱ्यात इकडेतिकडे फिरू लागले. डबेवाले जोरात वाजवू लागले. पाहुणे बंदुका रोखून वाट पाहत होते.

मामांनी कप माझ्या हातात दिला, चपला काढल्या, आणि सरळ त्या चाऱ्याच्या पट्ट्यात शिरले. मधोमध जाऊन उभे राहिले आणि घरात पोरांना हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "या रे, जेवायला या."

चाळीस-पन्नास चकोर तुरुतुरु धावत आले आणि मामांच्या पायांभोवती गोळा झाले. दोन त्यांच्या पावलांवर चढले. एक विजारीची घडी ओढू लागला. डबे थांबले. पाहुण्यांच्या बंदुका हळूहळू खाली आल्या, कारण मध्ये एक टक्कल पडलेला, चष्मेवाला मराठी गृहस्थ उभा होता आणि त्याच्या खिशात डाळ नव्हती. हे मामांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. ते तिथूनच म्हणाले, "जावईबापू, काहीतरी खायला आणा यांना."

मी पाहुण्यांच्या टेबलावरची भाजलेल्या दाण्यांची बशी उचलली आणि बंदुकांसमोरून, लग्नात अक्षता वाटायला निघाल्यासारखा, चालत गेलो. मामा उकिडवे बसून दाणे टाकू लागले. एका पाहुण्याने कॅमेरा काढला. दुसऱ्याला हसू आवरेना. ते हसू ओळभर पसरलं, आणि थोड्या वेळाने सगळेच बंदुका मोकळ्या करून नाश्त्याला बसले. फक्त अरबाब हसले नाहीत. ते चाऱ्याच्या कडेपर्यंत आले.

"मामा, खलास. हटो."

"हटता है, अरबाब. पहले ये खा लें."

पाहुणे गेल्यावर मामांनी रुमालात बांधून आणलेले छर्रे अरबाबसमोर ठेवले आणि चकोराच्या पोटातल्या जात्याची गोष्ट सांगितली. अरबाबनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "मेहमान के सामने तुमने मेरा इज्जत नहीं रखा." मामा म्हणाले, "हां, अरबाब. वो गलती है. मगर दूसरा टाइम नहीं था." परतीच्या वाटेवर मामांनी एकाही गच्चीकडे पाहिलं नाही.

शेताचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. व्हिसाचं काय, हे महिनाभर कळेना. मामींनी दोन बॅगा कपाटावरून खाली काढून ठेवल्या होत्या, आणि आम्ही सगळे त्या दिसत नसल्यासारखे त्यांना वळसा घालून जात होतो. आणि एका सकाळी देऱ्याच्या इमारतीखाली पिकअप येऊन उभी राहिली. पाठीमागे खोके, खोक्यांत चकोर. ड्रायव्हर म्हणाला, "अरबाब बोला, ये तुम्हारा बच्चा लोग है, तुम रखो." व्हिसाचे कागद त्याच्याच हाती होते, सही झालेले.

चकोर एक दिवस बाल्कनीत राहिले. तेवढ्यात तळमजल्यापासून तक्रारी आल्या. मग मामांनी जबल अलीतल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पत्रे जोडून त्यांना शेड बांधली आणि तिला एसी बसवला. कामगारांपैकी एकाने सहज विचारलं, "मामा, यांची खोली आमच्यापेक्षा थंड कशी?" तिसऱ्या दिवशी कामगारांच्या खोल्यांतली जुनी यंत्रं उतरवून नवी बसवायला त्यांनी स्वतः शिडी धरली.

चकोर डोंगरात नेऊन सोडावेत, असं मामांच्या मनात फार होतं. हत्ताच्या बाजूला जागाही पाहून आले. पण नंतर कुठेतरी वाचलं की तिथल्या डोंगरांत तिथलेच तित्तर राहतात. बाहेरून आणलेले सोडले तर त्यांच्या दाण्यापाण्यात वाटेकरी होतील, रोगराई नेतील. मामा मला म्हणाले, "हे इथले नाहीत हो. यांना सोडताही येत नाही आणि गावाला नेताही येत नाही." ते चकोर तिथेच म्हातारे झाले आणि एकेक करून गेले. अरबाब कधीमधी वर्कशॉपवर येत. दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून पक्षी पाहत. शिकारीचा विषय दोघांपैकी कुणी काढत नसे.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मामांनी कंपनी विकली आणि सगळं आवरून साताऱ्याला जायचं ठरवलं. व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही करायला अरबाब स्वतः आले, काठी टेकत. सही झाल्यावर त्यांनी मामांचा हात धरून ठेवला.

"बंदूक उठाता है तो तुम बीच में खड़ा दिखता है, मामा. इतने साल. अब तुम जाता है, तो बीच में कौन खड़ा रहेगा?"

एसीच्या झडपेकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि खाली येऊन गाडीत बसले. देऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग चष्मा पुसत मला म्हणाले, "त्यांना साखर आहे. खजूर जरा बेताने खा म्हणून सांगायचं होतं. राहूनच गेलं."