अर्धी सुई

सुई हरवली की तुरुंगात जेवणाची घंटा होत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण शिवणाच्या खोलीतल्या चोवीसही बायकांना तो तोंडपाठ होता. साडेचारला मशिनं थांबायची. प्रत्येकीनं आपल्या मशीनची सुई काढायची आणि शिवणबाईंच्या टेबलावर जी नंबर घातलेली उशी होती, तिच्यात आपल्या नंबरावर टोचायची. सुई मोडली तर दोन्ही तुकडे बाईंच्या हातात द्यायचे. बाई ते पत्र्याच्या डबीत टाकणार, वहीत लिहिणार, मगच नवी सुई. एक तुकडा कमी पडला, तर तो सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. सुईचं टोक काय काय करू शकतं, हे तिथल्या बायकांना बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

बावीस वर्षांत शिवणबाईंच्या खोलीतून एक सुई गेली नव्हती. बाई म्हणजे शिंप्याची लेक. वडील कामाच्या वेळी सुई नेहमी छातीवर, सदऱ्यात टोचून ठेवायचे. तीच सवय बाईंना सातव्या वर्षी लागली. तुरुंगातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी यावरून त्यांना बोलणी बसली होती. "बाई, इथं सुई उशीत नाहीतर डबीत. अंगावर नाही." तेव्हापासून बाई नव्या येणाऱ्या प्रत्येकीला हेच बजावत आणि दिवसातून दोनदा स्वतःच्या एप्रनवरून हात फिरवून बघत. कारण हात ऐकायचा नाही. डोकं दुसरीकडे असलं की सुई आपसूक छातीवर जायची.

लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय हो, तुमचे ते कैदी सुधारतात का?" बाई म्हणायच्या, "टीप सरळ येते. माणसाचं देव जाणे." आणि जेवायला बसायच्या. त्यांचे यजमान निवृत्त बस कंडक्टर. ते मात्र गप्प बसायचे नाहीत. "सुधारायला काय शाळा आहे का ती? विनातिकीट धरला की दंड. तो उद्यापासून तिकीट काढेल का, हे बघायला मी त्याच्या घरी गेलो नाही कधी."

खोलीत बायकांना मशीनच्या नंबरानं हाक मारायची पद्धत होती. सातव्या मशीनवरची ती सातवी. खुनाची शिक्षा भोगत होती, अकरावं वर्ष चालू होतं. घरात जावाजावांचं भांडण झालं, हातात इस्त्री होती, ती जावेच्या डोक्यात घातली. एकदा नाही, दोनदा. बाईंनी कधी विचारलं नव्हतं. एकदा काज करता करता तीच म्हणाली होती, "पहिली रागानं, बाई. दुसरी कशानं, ते मला अजून सांगता येत नाही." "काज बारीक घे," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांच्या लक्षात आलं, की सातवी इस्त्रीच्या टेबलाकडे जात नाही. आपले कपडे इस्त्रीसाठी दुसऱ्या कोणा बाईला देते आणि तिच्या वाटणीची बटणं लावून देते. बाईंनी तिला इस्त्रीवर कधी लावलं नाही.

काम मात्र सातवीचं बघत राहावं असं. चुकलेली शिवण दुसरीनं उसवायची नाही, जिनं घातली तिनंच उसवायची, हा बाईंचा नियम. सुरुवातीला सातवी उसवताना कापड टराटरा ओढायची. आता एकेक टाका असा सोडवायची, की धागासुद्धा अख्खा निघायचा. "हा धागा काय लोणच्यात घालणार आहेस?" असं पाचवी तिला चिडवायची.

त्या आठवड्यात शुक्रवारी सुटकेची समिती बसणार होती. चांगलं वागलेल्या कैद्यांना मुदतीआधी सोडायचं का, हे ती ठरवणार होती आणि सातवीचे कागद पहिल्यांदाच तिच्यापुढे जायचे होते. आणि नेमक्या मंगळवारी सातव्या मशीनची सुई मोडली.

दुपारी तीनची वेळ. बाई एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांची लांबी मोजत होत्या. सातवी आली, तुकडे दिले, नवी सुई घेऊन गेली. त्याच वेळी पहारेकरणीनं दारातून हाक मारली, "बाई, ऑफिसात फोन आहे तुमचा." बाई गेल्या. परत आल्यावर वही लिहायची राहून गेली. साडेचारला उशीत चोवीस सुया भरल्या, पण डबीत सातवीच्या सुईचा एकच तुकडा. वरचा जाड. टोक नाही.

"सातवे, दुसरा तुकडा कुठंय?"

"दोन्ही दिले, बाई. तुमच्या हातात."

"अगं, मग डबीत नको का?"

"दिलेत, बाई."

झडती झाली. चिंध्यांच्या पेट्या उलट्या केल्या, मशीनखाली चुंबक फिरवला, बायकांचे केस सोडून बघितले. त्या गडबडीत तेलाचा डबा कलंडला आणि बाईंच्या एप्रनवर सांडला. बाईंनी एप्रन काढून, गुंडाळून आपल्या पिशवीत कोंबला. बाईंची झडती कोणी घेतली नाही. बाईंची झडती कोण घेणार?

बुधवारी त्यांचा जबाब घेतला. आठवून आठवून त्यांना हातावर एकच तुकडा दिसत होता. त्यांनी तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. सातवीला एकांतातल्या कोठडीत टाकलं. तिचे कागद समितीपुढून काढून घ्यायचे, असं ऑफिसात ठरलं. पुन्हा ठेवायचे तर तीन वर्षांनी.

"खोटं बोलली, त्याचं जास्त वाईट वाटतं," बाई घरी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती."

"माणूस मारणारीला खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो?" यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

गुरुवारी खोली तपासासाठी बंद होती. बाई घरीच होत्या. सकाळी त्यांनी तो तेलकट एप्रन बादलीत भिजवला आणि चोळायला घेतला. छातीवरच्या दुहेरी कापडापाशी बोटाला चुरचुरलं. बोट वर काढलं तर रक्ताचा थेंब. कापडाच्या दुमडीत, आतल्या बाजूनं, टोक नीट टोचून ठेवलेलं होतं. वडील टोचायचे तसं, तिरकं.

बाई मोरीतच बसल्या. पाणी वाहत राहिलं.

"नळ!" बाहेरून हाक आली. मग यजमान स्वतःच आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, त्यांच्या तळहाताकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"हे तेच?"

"तेच."

यजमानांनी हात पुढे केला. "दे इकडे. कचऱ्यात टाकतो."

"अहो, काहीतरीच काय."

"काहीतरीच काय नाही. तुझी निवृत्ती चार महिन्यांवर आली. बावीस वर्षं नाव राखलंस, ते आता एवढ्याशा टोकासाठी घालवणार? आणि ती काय अगदी निष्पाप आहे का? जीव घेतलाय तिनं. तीन वर्षं जास्त राहिली तर कोणाचं काय बिघडलं?"

"त्या जिवाची शिक्षा ती भोगतेच आहे. ही माझी आहे. ती कशी तिच्या गळ्यात घालू?"

"तू काय मुद्दाम केलंस?"

"केलं नाही. पण आता टाकून दिलं, तर ते मुद्दाम होईल."

बाईंनी हात पुसले आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा गाडीत तुम्ही एका म्हाताऱ्याकडून पैसे घेतलेत आणि तिकीट द्यायचं राहिलं. तपासनीसानं त्याला खाली उतरवलं. तुम्ही आल्यावर सांगितलं होतं मला."

"कधीची गोष्ट काढतेस."

"तुम्ही का बोलला नाहीत तेव्हा?"

"नवी नोकरी होती." ते उंबऱ्याशी टेकले. म्हणाले, "निळी पिशवी होती त्याच्या हातात. एक बंद तुटलेला. पोटाशी धरून उतरला."

त्यानंतर पेपर नुसताच पडून राहिला, वाचला कोणी नाही. बाईंनी स्वयंपाक केला. मीठ पडलं की नाही, दोघांनाही कळलं नाही. दुपारी त्या रोजच्यासारख्या देवापुढे डोळे मिटून बसल्या. रोज त्या सगळ्यांची नावं घ्यायच्या. मुलीचं, जावयाचं, खोलीतल्या बायकांचे नंबर देवाला कळत असतील या भरवशावर तेही. त्या दिवशी सातवर आल्या आणि पुढे सरता येईना. आठ म्हणायला तोंडच उघडेना. त्या उठल्या आणि बाहेर जायचे कपडे घातले.

टोक त्यांनी आगपेटीत ठेवलं होतं. यजमानांनी आपली जुनी डबी पुढे केली, तिकिटांना भोक पाडायचा चिमटा त्यात असायचा. "हिच्यात घाल. आगपेटीतून पडलं, तर पुन्हा तिलाच धरतील."

तुरुंगाच्या ऑफिसात अधीक्षक मॅडम उद्याच्या समितीचे कागद लावत होत्या. बाईंनी डबी उघडून टेबलावर ठेवली, शेजारी ओला एप्रन ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या.

"बाई, हे तुम्ही फेकून दिलं असतं, तर मला कधी कळलं नसतं."

"मला कळलंय ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चिडलेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "तुमच्या सहीवर मी एका बाईला दोन दिवस एकटं कोंडलं. उद्या समितीला काय सांगू? आमची शिक्षिका छातीवर सुई टोचून घरी गेली?"

"असंच सांगा."

मॅडमनी फाईल ओढली. जबाबाचं पान काढून बाईंपुढे सरकवलं. "तिचा जबाब वाचला होतात?"

वाचला नव्हता. बाईंनी वाचला. दोनच ओळी होत्या. 'दोन्ही तुकडे दिले. बाई विसरल्या असतील. खोटं बोलणाऱ्या नाहीत त्या.'

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. इस्त्री दोनदा घालणारी हीच, आणि आपल्याला कोठडीत धाडणाऱ्या बाईबद्दल असं लिहून देणारीही हीच. दोन्ही एकाच हातानं. माणसाचं देव जाणे, असं म्हणून जेवायला बसणं आता त्यांना जमणार नव्हतं.

"समिती दरवेळी तुमचं मत मागते," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही दरवेळी लिहिता, टीप सरळ येते. या वेळी काय लिहू?"

"हा जबाब जोडा. माझंही पत्र जोडा, मी काय केलं त्याचं. दुसरं मत नाही माझं."

मॅडमनी फाईलमधून आणखी एक कागद काढला. "हेही ऐका मग. मेलेल्या जावेच्या आईचं आहे." आणि त्यांनी वाचून दाखवलं. 'ती सुधारली असेल तर बरं झालं. देव तिचं भलं करो, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण वाईट करो असंही म्हणत नाही. माझी मुलगी मात्र होती तेवढीच राहिली, बत्तीस वर्षांची. हिला सोडायचं तर सोडा. माझ्या दारावरून जाताना मला दिसू देऊ नका.'

"या आईचंही खरं आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर समिती बसते," मॅडम म्हणाल्या आणि दोन्ही कागद एकाच टाचणीत लावले.

शुक्रवारी समितीनं सातवीचे कागद मान्य केले. सुटका दोन महिन्यांनी. अट एक: त्या आईच्या गावात पाय ठेवायचा नाही, कधीच. सातवीनं अट वाचली आणि सही करताना म्हणाली, "ही अट नसती तरी मी गेले नसते." मग थांबून म्हणाली, "पण असू दे. त्यांना लिहिलेलं दिसू दे."

बाईंना लेखी ताकीद मिळाली. सुयांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. रोज संध्याकाळी फाटकावर इतर बायकांसारखीच त्यांचीही झडती सुरू झाली. पहिल्या दिवशी पहारेकरणीलाच लाज वाटली. ती म्हणाली, "राहू दे हो, बाई." बाईंनी हात पसरले. "घे. नीट घे. वरवर नको." आणखी एक हुकूम निघाला: सुयांची मोजदाद यापुढे बाईंनी एकटीनं करायची नाही, एका कैदी बाईनं शेजारी उभं राहून वहीत सही करायची. कोणी, हे खोलीतल्या बायकांनी ठरवायचं. बाकीच्या तेवीसही जणींनी एकच नंबर सांगितला: सात.

कोठडीतून परत आल्यावर सातवी बाईंशी त्या गोष्टीबद्दल बोलली नाही. बाईंनीच विषय काढला. "सातवे, चुकलं माझं."

सातवी शिवण उसवत होती. मान खालीच ठेवून म्हणाली, "तुम्ही येऊन सांगितलंत ना." आणि पुढचा टाका सोडवला. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं होतं, तीन वर्षं गेली. कोठडीत मोजत होते."

तिच्या सुटकेच्या आदल्या दिवशी साडेचारला मशिनं थांबली. सुया एकेक करून उशीत आल्या. सातवी शेजारी वही घेऊन उभी होती. एक, दोन, तीन. तेवीस झाल्या. चोविसावी नाही. पहारेकरीण दारातून आत आली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

सातवीनं वही खाली ठेवली. "बाई," ती म्हणाली, "आधी छातीवर बघा."

बाईंनी हात नेला. होती. तिरकी, दुहेरी कापडात नीट टोचलेली. मघाशी सोळावीच्या मशीनमध्ये अडकलेली सुई काढून देताना केव्हा टोचली, देव जाणे.

पाचवी पहिल्यांदा हसली. मग सगळी खोली हसली, पहारेकरीणसुद्धा. बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"साठीला आले," त्या म्हणाल्या. "अजून सुधारत नाही."

"नोंद करू का?" सातवीनं विचारलं. तिच्या हातात पेन तयार होतं.

"कर. न करून कसं चालेल?"

सातवीनं सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: चोविसावी सुई बाईंच्या एप्रनवर मिळाली. बाईंनी खाली सही केली, सातवीनं शेजारी केली आणि बाहेर जेवणाची घंटा झाली.