बोट कागदावर उमटत नाही

ती घटना अजून मनातून जात नाही. खरे तर तपास साधाच होता. वडगाव रासाईच्या वळणावर एका पिकअपने सायकलवरून निघालेल्या माणसाला उडवले. कारेगावात राहणारा कंपनीतला कामगार, जागीच गेला. दुपारपर्यंत गाडीचा चालक आपणहून ठाण्यात हजर झाला. आपणहून येणाऱ्या माणसाकडे मी नोकरीभर जरा निरखूनच पाहिले. हा न विचारता सगळे सांगत होता, पण धडकेनंतर गाडी कुठे थांबवली, या प्रश्नाला मात्र बगल द्यायचा. "मीच चालवत व्हतो सायब," एवढेच धरून बसला. त्याची बायको-पोरे गाडीच्या मालकाच्याच खोलीत राहत होती. दुसरे काही बोलायची त्याची टाप नव्हती.

खबर मिळाली तळेगाव ढमढेरेच्या बाजारात. वळणावरच्या म्हातारीला विचारा, असे एका भाजीवाल्याने आमच्या हवालदाराच्या कानावर घातले. नवरा गेलेला, मेंढरे कधीच विकलेली, ही आजी एकटी राहायची. स्टिअरिंगवरून मालकाचा मुलगा उतरला आणि तिच्या दारात पाणी प्यायला, असे तिने सांगितले. चालक दुसऱ्या बाजूने उतरला होता. मी तिचा जबाब घेतला आणि चालक आपल्या कबुलीवर ठाम असल्याने दोघांवरही दोषारोपपत्र कोर्टात पाठवले.

मालकाच्या धाकाने गावाने तिच्याशी बोलणे टाकले. जीपवाले तिच्यासाठी थांबेनात. मी वाटेत डोकावलो की ती दारातच बसलेली. "आता कोंबड्यांशीच बोलते, सायब," ती एकदा म्हणाली. मला फार वाईट वाटले.

शिरूरच्या कोर्टात साक्ष झाली. आमचा जबाब पोलिसी भाषेत असतो, कोर्टात किंमत असते ती शपथेवर बोललेल्या शब्दांना. ते टाइप करणाऱ्या स्टेनोबाई दौंडहून एसटीने यायच्या. वकिलांचे आवाज चढले तरी त्यांचे काम आपले चालूच. गाडी कोण चालवत होते, असे विचारल्यावर आजीने आरोपींकडे बोट केले. "ह्यानं."

बाईंचे हात थांबले. "साहेब, बोट कागदावर उमटत नाही. कुणाला दाखवलं ते लिहू ना?"

न्यायाधीशांनी होकार दिला आणि सांगितले, साक्षीदाराने पहिल्या आरोपीकडे, म्हणजे मालकाच्या मुलाकडे, बोट दाखवले असे नोंदवा.

मग पद्धतीप्रमाणे साक्ष वाचून दाखवली. आजी मान हलवत ऐकत होती. अंगठा उठवण्याआधी म्हणाली, "बाई, परत येकदा वाचा की."

काही चुकले आहे का, असे बाईंनी विचारले.

"न्हाई. समदं माझंच हाय. येवढं माझं बोलणं कवा कुणी ऐकलं न्हाई, म्हणून म्हनलं."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचले. कोर्टात कुणीही घाई केली नाही.

निकालाआधी आजी वारली. न्यायाधीशांचीही बदली झाली. नव्या साहेबांनी ना तिला पाहिले होते, ना तिचे बोट. त्यांच्यापुढे फक्त तो टाइप केलेला कागद होता. त्यावरच चालक अपघाताच्या आरोपातून सुटला आणि मालकाच्या मुलाला शिक्षा झाली. आम्ही आरोपी पकडतो, वकील भांडतात. पण माणूस गेल्यावर त्याचे म्हणणे जसेच्या तसे कोर्टात उभे राहते ते स्टेनोमुळे. त्या बाईंचे कौतुक कुठे झाल्याचे मी ऐकले नाही.

आता निवृत्तीनंतर घरी मी एकटाच असतो. कधी एखाद्या जुन्या सहकाऱ्याचा फोन येतो आणि मागच्या वेळी मी काय बोललो होतो ते त्याला आठवत असते. तेव्हा आजी परत वाचा का म्हणाली होती, ते कळते.