रागीची बाटली, गव्हाची बाटली

बसवनगुडीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे शेषगिरीराव कुणावर सूड उगवतील, असं त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटलं नसतं. हातावर बसलेला डास मारण्याआधी तो नर आहे की मादी हे चष्मा वर करून बघणारा माणूस. नर असला तर सोडून द्यायचे. ‘‘तो चावत नाही रे, उगीच कशाला?’’ आणि हे ठरेपर्यंत मादी पोटभर पिऊन गेलेली असायची.

घराणं जुनं. मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीतरी इकडे आलेलं. तलवार कुठे गेली कुणास ठाऊक, मराठी तेवढी उरली, तीही उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार कन्नडमध्ये. त्यांची बायको तुंगाबाई ही त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची मुलगी. कर्नाटकात मामा-भाचीच्या लग्नाचं कुणाला नवल नाही. उलट घरात लग्नाच्या वयाचा मामा असताना भाचीसाठी बाहेर स्थळं बघायला निघालं, तर लोक विचारतात, मामात काही खोट आहे का? लग्नाला इतकी वर्षं होऊनही तुंगाबाई नवऱ्याला ‘मामा’च म्हणत. विधवा झाल्यापासून अक्काही त्यांच्याकडेच राहत होती.

नव्वद सालानंतर कोरमंगलाच्या बाजूला कॉम्प्युटरच्या कंपन्या उगवल्या आणि पुण्याची मुलं थव्याथव्याने येऊन उतरू लागली. त्यातलाच एक शंतनु. शेषगिरीरावांची मुलगी शिल्पाश्री त्याच्याच ऑफिसात हिशेब बघायची. दोघांचं जमलं. शंतनुची आई नीलिमाताई नवऱ्याला घेऊन मुलगी बघायला पुण्याहून आल्या.

सगळं छान चाललं होतं. चिरोटे झाले, उप्पीट झालं. आणि आतून तुंगाबाईंनी हाक मारली, ‘‘मामा, कॉफी नेता काय तेवढी?’’

शेषगिरीराव उठले. नीलिमाताईंनी कौतुकाने विचारलं, ‘‘अय्या, यजमानांना मामा म्हणता?’’

‘‘मामाच की हो ते,’’ तुंगाबाई ट्रे घेऊन बाहेर येत म्हणाल्या. ‘‘माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. ही काय, आई इथंच बसलीये.’’

अक्काने सुपारी कातरता कातरता मान हलवली.

नीलिमाताईंची कॉफी तशीच राहिली. पाचेक मिनिटांत मंडळी उठली. दारात चपला घालताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, हळू म्हणाल्या, पण बसवनगुडीची घरं काही पुण्याच्या बंगल्यांसारखी ऐसपैस नाहीत. ‘‘शी! घरातल्या घरात! जनावरंसुद्धा बघून करतात.’’

तुंगाबाईंनी ऐकलं. शिल्पाश्रीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. आठवडाभर जगला. तेव्हा डॉक्टरने ‘नात्यातलं लग्न का?’ एवढंच विचारलं होतं, आणि तेवढं एक वाक्य त्या बाईने आयुष्यभर उशाशी घेतलं होतं. त्या आत गेल्या, कप विसळले आणि म्हणाल्या, ‘‘मामा, मी हे विसरायची नाही. तुम्ही विसरलात तर बघा.’’

शेषगिरीराव विसरणार नव्हते. त्यांचं दुखणं तर दुहेरी होतं. जवळच्या रक्तात दोष उघडे पडतात हे ते दरवर्षी वर्गात शिकवत, आणि तो तास उरकताना फळ्याकडे तोंड करून उभे राहत. म्हणजे बाई अगदीच खोटं बोलली नव्हती. खोटं बोलणाऱ्याला माफ करता येतं. खऱ्याचा चिखल करून तोंडावर फेकणाऱ्याला कसं करायचं?

त्या वर्षी नव्या जाती कशा तयार होतात हा धडा त्यांनी असा शिकवला की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा जागी राहिली.

‘‘समजा एक जात आहे. मधून नदी फुटली. अर्धे जीव अलीकडे, अर्धे पलीकडे. येणंजाणं बंद. इथलं अन्न वेगळं, तिथलं वेगळं. पिढ्या जातात. कुणाचं गाणं बदलतं, कुणाचा माजाचा हंगाम, कुणाची नाचायची तऱ्हा. मग एक दिवस नदी आटते आणि दोघं समोरासमोर येतात. नर नाचतो, मादी बघतसुद्धा नाही. तिला ते नाचणं वाटतच नाही. आणि चुकून जुळलंच, तर पिल्लू होत नाही, किंवा खेचरासारखं वांझ निघतं. झाल्या दोन जाती! आणि गंमत काय, दोन्ही काठांचे समजतात की मूळचे आपणच, बिघडले ते पलीकडचे.’’

एका मुलाने विचारलं, ‘‘सर, पुन्हा एक होत नाहीत?’’

‘‘फार उशीर झाला नसला तर होतात,’’ शेषगिरीराव म्हणाले, आणि आपणच हे का बोललो म्हणून चिडले.

त्याच आठवड्यात त्यांनी प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या दोन बाटल्या मांडल्या. एकाच मादीची पोरं, दोन वाटे केलेली. एका बाटलीत रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, पिठाची खळ, दुसरीत गव्हाची. तोंडाला कापसाचा बोळा. माशीची पिढी दोन आठवड्यांत उलटते. वर्षा-दोन वर्षांत माणसाच्या हजार वर्षांचं काम व्हावं. एक ना एक दिवस ही पुणेरी बाई परत येईल, आणि तेव्हा दोन्ही माश्या एका बाटलीत सोडून तिला दाखवायचं: बघा बाई, रागीवाली गव्हावाल्याकडे बघत नाही. जात वेगळी झाली. नमस्कार. दाराची कडी तुमच्या उजव्या हाताला आहे. हे वाक्य ते स्कूटरवरून येताजाता घोळवत.

बाई परत आली. शंतनुने दोन वर्षं पुण्याच्या सगळ्या मुली नाकारल्या होत्या आणि शिल्पाश्रीने इकडची सगळी मुलं. नीलिमाताईंचा फोन आला. रविवारी येतो, झालं गेलं विसरून जाऊ.

शनिवारी शेषगिरीरावांनी रंगीत तालीम घेतली. जिलबीचा केशरी रंग रागीच्या खळीत, हिरवा रंग गव्हाच्या खळीत, म्हणजे कुणाचं पोट कुठलं ते कळावं. मग दोन्हीकडच्या माश्या एकत्र सोडल्या आणि भिंग घेऊन बसले.

हिरव्या पोटाचा एक नर केशरी पोटाच्या मादीभोवती फिरला, एक पंख ताणून थरथरवला, आणि ती मुकाट्याने थांबली. बाजूला दुसरं जोडपं, तेही मिश्रच. तिसरंही. शास्त्राने असा दगा दिला! इतक्या पिढ्या वेगळ्या ठेवल्या, खाणं बदललं, आणि हा सगळा दुरावा निघाला बोळ्याएवढा. बोळा काढला की संपला.

‘‘निर्लज्ज!’’ शेषगिरीराव माश्यांना म्हणाले.

मागून शिल्पाश्री डबा घेऊन प्रयोगशाळेत आली होती. दाराच्या कडीचं ते वाक्य तिने स्कूटरवर मागे बसून कितीदा ऐकलं होतं. तिने भिंगातून बघितलं आणि तिला काय ते समजलं. ‘‘अण्णा, उद्या तुम्ही नाही म्हणणार होता?’’

‘‘होतो.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता माश्या हो म्हणतायत,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुझ्या आईचं देणं मी माश्यांवर सोडणार नाही.’’

रविवारी नीलिमाताई आल्या, गोड बोलल्या, कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. शेषगिरीराव एकच म्हणाले, ‘‘आमची काही अट नाही. सीमांतपूजन तेवढं आमच्या रीतीने. जेवढी नाती, तेवढे मान. मुलीकडच्या बायकांना तुमच्याकडून साडी, प्रत्येक नात्याला एक.’’

‘‘अहो, हौसेने करू! घरात बायका कोण कोण?’’

‘‘तुम्ही बघताच आहात. तुंगा आणि अक्का.’’

नीलिमाताईंनी मनातल्या मनात दोन साड्या धरल्या. बाईंनी माणसं मोजली, नाती मोजली नाहीत. शेषगिरीरावांनी दुरुस्त केलं नाही. वर्गातसुद्धा प्रश्न न विचारणाऱ्याला ते कधी उत्तर सांगत नसत.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी कार्यालय भरलेलं. आधी मुलीकडून वरमाईचा मान झाला. तुंगाबाईंनी नीलिमाताईंच्या हातात जांभळी रेशमी साडी ठेवली. मग जयतीर्थ भटजींनी पुकारा सुरू केला.

‘‘मुलीची आई!’’ तुंगाबाई पुढे. नीलिमाताईंनी साडी दिली, वाकून नमस्कार केला.

‘‘मुलीची आजी, आईची आई!’’ अक्का पुढे. दुसरी साडी. नमस्कार.

नीलिमाताईंनी कमरेवर हात ठेवून सुस्कारा सोडला.

‘‘मुलीची आत्या, बापाची थोरली बहीण!’’

अक्का चार पावलं मागे गेली होती. तीच वळून परत आली.

पुण्याच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. नीलिमाताई म्हणाल्या, ‘‘अहो गुरुजी, यांचा झाला ना मान!’’

‘‘आजीचा झाला बाई,’’ जयतीर्थ शांतपणे म्हणाले. ‘‘हा आत्याचा. आत्याला रिकाम्या हाताने परतवलं तर पुढचं लग्न मला लावता येणार नाही.’’

कार्यालयातले सगळे बघतायत. पिशवी रिकामी. शेषगिरीराव खांबाला टेकून उभे होते, डासाकडे बघावं तसे. शेवटी नीलिमाताईंनी हातातली जांभळी साडी, मघाशी स्वतःला मिळालेला मान, अक्काच्या पदरात घातली आणि लालबुंद होऊन पुन्हा वाकल्या.

अक्काने साडी उलगडून काठ बघितला. अक्काला थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिची कुजबूज सगळ्यांना ऐकू येई. ‘‘अय्यो तुंगा! ही तर चिकपेटेच्या दुकानातली आपलीच. काठ बरे नाहीत, विहिणीला देऊन टाकू म्हटलेली मी!’’

आता हसू दोन्ही बाजूंनी फुटलं. त्यातच जयतीर्थांनी शेवटचा पुकारा केला.

‘‘मुलीची आतेबहीण!’’

तुंगाबाई पुढे आल्या. आत्याची मुलगी त्याच. नीलिमाताईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुंगाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती प्रेमाने. आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘‘माझं राहू द्या ताई. घरातल्या घरातच आहे. जनावरं असतो तर बघून केलं असतं.’’

नीलिमाताईंनी मान खाली घातली. ती अक्षता पडेपर्यंत काही पूर्ण वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. निघताना शिल्पाश्री वडिलांच्या पाया पडली. उठली, पण चेहरा काही फुलला नव्हता. ‘‘त्या घरात आता मी राहायचंय, अण्णा. तुम्ही नाही.’’

शेषगिरीरावांनी चष्मा काढून पुसला.

‘‘झालं का एकदाचं समाधान?’’

त्यांनी मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या तुंगाबाईंकडे बघितलं. बाई किती वर्षांनी ताठ उभी होती.

‘‘स्वल्प,’’ ते म्हणाले.