दुसऱ्या अंतऱ्यातली हलगी

मी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मापात बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. भुताखेतांचं सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केलीय... त्यामुळे हे लिहिताना जरा कसंतरीच होतंय.

अभ्या आमच्या रॉक बँडचा गायक, मी बास गिटारवर. कॉलेजात तो इंग्रजीच गायचा. मग एका जत्रेत मारुतीदांची हलगी ऐकली आणि गडी खुळाच झाला. गिटारला हलगीची जोड, शब्द आपले कोल्हापुरी! बेंगळुरूचा एक गिटारवाला त्याला नेटवरून ट्रॅक पाठवायचा. दोघं कधी भेटले नाहीत, पण फोनवर भांडायचे सख्ख्या भावांसारखे. पुण्या-मुंबईत शो मिळायला लागले आणि अभ्याची फुफ्फुसं बिघडली. शेवटच्या गाण्याचा एकच अंतरा रेकॉर्ड झाला. दुसऱ्याला हात घालण्याइतका दमच त्याच्यात उरला नाही. नंतर तर बोलतानाही धाप लागायची, आणि तशातच तो गेला.

उरलेला अंतरा दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्यावा, असं माझं मत होतं. त्याच्या बायकोला, पल्लवी वैनींना, ते पटत नव्हतं. म्हटलं, आधी हलगी तर घेऊ. एका रविवारी सकाळी मारुतीदांना राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर बोलावलं. वैनीही आल्या. हे गाणं मारुतीदांनी आधी ऐकलेलं नव्हतं.

त्यांचा एक नियम आहे — गाणाऱ्याच्या शब्दावर काठी पडू द्यायची नाही. तो गाताना हलगी दबकी, तो थांबला की मोकळी. पहिला अंतरा तसाच झाला. दुसऱ्यात नुसती गिटार होती, तिथं त्यांनी धुमाकूळ घालायला हवा होता. पण हात दबकाच... मध्येच उसळायचा, परत दबायचा.

"मारुतीदा, तिथं धरून का वाजवलासा?"

"मग काय त्येच्या बोकांडी वाजवू? म्हणत हाय की त्यो."

"तिथं आवाजच न्हाय, दादा."

त्यांनी हेडफोन काढला, माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तसं बघितलं आणि चाल गुणगुणून दाखवली. पहिल्या अंतऱ्याची नव्हे, वर चढत जाणारी वेगळीच. मी ती कधीच ऐकली नव्हती. वैनींनी मात्र ती लगेच ओळखली. अभ्यानं ती फक्त त्यांना ऐकवली होती, आजारपणाच्या आधी, घरी.

मी एकेक ट्रॅक उघडून तपासला. त्या जागी गिटारशिवाय काही नाही. याचं कारण मला आजही सांगता येत नाही. गाणं आम्ही त्या हलगीसकट तसंच रिलीज केलं, दुसऱ्या कुणाचा आवाज घातला नाही. माझा विश्वास बसलाय असंही नाही. पण वैनींनी मारुतीदांना जे विचारलं, ते डोक्यातून जात नाही.

"दम लागत हुता का त्यांना?"

"न्हाय, पोरी," मारुतीदा म्हणाले. "मोकळ्या छातीनं म्हणत हुता."