पटले गुरुजींचे सागवानी कॅमेरे

हिरामण पटले गुरुजींकडे मी पहिल्यांदा गेले ती एका खोट्या कॅमेऱ्यासाठी. फुलचूरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधीच्या फोटोंत जोडप्याशेजारी ठेवायला मला जुन्या वळणाचा लाकडी कॅमेरा हवा होता. मुर्री गावातले एक निवृत्त शिक्षक असं काही बनवतात, असं कुणीतरी सांगितलं. "दिसायला जुना हवा, आत काही नसलं तरी चालेल," मी म्हणाले. गुरुजींनी हातातला रंधा खाली ठेवला.

"आत काई नसल, तं बनवू कायले?"

मग त्यांनी मला अंगणात तिपाईवर उभ्या केलेल्या एका पेटीमागे नेलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घालायला लावलं. समोरच्या धूसर काचेवर सगळं अंगण उलटं उभं होतं. पेरूचं झाड, दोरीवरची चादर, धान पाखडणाऱ्या गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू. काकूंचं सूप हललं की काचेवरचंही हलायचं. खोट्या कॅमेऱ्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. पुढच्या रविवारी शिकायलाच गेले.

गुरुजींनी देवरीच्या शाळेत आयुष्यभर लाकूडकाम शिकवलं. कॅमेरे सुरू झाले ते निवृत्तीनंतर. पहिला त्यांनी एका जुन्या दाराच्या सागवानातून केला. त्याचा भिंग आणि काच यांना जोडणारा घड्यांचा भाता छत्रीच्या कापडाचा होता आणि त्यातून ऊन आत शिरायचं. तो त्यांनी सहा वेळा उसवून पुन्हा चिकटवला. भिंग बंद पडलेल्या एका छापखान्यातलं, काच स्वतः घासलेली, आणि फिल्म म्हणून लाल दिव्यात कापलेली एक्स-रेची फिल्म. आजवर असे अकरा कॅमेरे त्यांच्या घरी तयार झाले. जो शिकायला येईल त्याच्या हाती गुरुजी आपला कॅमेरा निःशंक सोपवतात.

त्या विश्वासाला मी एकदा पात्र ठरले नाही. ती गोष्ट आजवर फार थोड्यांना ठाऊक आहे. ती इथे लिहिणं मला आवश्यक वाटतं.

देवरीपलीकडच्या एका जंगलालगतच्या गावी आम्ही म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला गेलो होतो. चारच फिल्म होत्या. शेवटची सगुणाबाईंची. त्या नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, सांगितल्याप्रमाणे जराही न हलता बसल्या. फोटो झाला आणि घाईत मी झाकणपट्टी न लावताच फिल्मची चौकट बाहेर ओढली. फिल्मवर लख्ख ऊन पडलं. गुरुजी पाठमोरे होते. मी पट्टी गुपचूप सरकवली आणि गप्प राहिले.

फिल्म धुतल्यावर काळी निघाली. "पुन्हा जाऊ," एवढंच गुरुजी म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा सगुणाबाईंना जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या लेकीनं आम्हाला खाट टाकून दिली आणि म्हणाली, "तो फोटो तरी द्या. घरी मायचा एकबी नाई."

गुरुजी बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडून म्हणाले, "तो बिघडला, बाई. माज्याकडून बिघडला."

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"मले मालूम होतं," गुरुजी म्हणाले. "भात्यातून ऊन गेलं असतं तं एका कोपऱ्यात डाग आला असता. हे पुरं कारं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो." मग म्हणाले, "आता तिच्या लेकीले सांगा लागते. मी नाई. तू."

चार दिवसांनी मी एकटी गेले. लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मायचा तं गेला. गावातल्या बाकी म्हाताऱ्यायचे नीट काढा."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्या गावी जात राहिलो. एकही म्हातारं माणूस सुटलं नाही. प्रत्येक फोटो गुरुजींनी स्वतः घरोघरी नेऊन दिला. चौकट मात्र प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याच हाती दिली. रागाचा एक शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकला नाही. त्यामुळेच की काय, माझा हात पुन्हा चुकला नाही.

येत्या महिन्यात गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. परवा गेले तर माळ्यावर ताज्या सागवानाच्या फळ्या रचून ठेवलेल्या दिसल्या. आतापर्यंतच्या सगळ्यांहून मोठा कॅमेरा करायचं त्यांच्या मनात आहे. लाकूड सुकायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. "तीन वर्सं," ते सहज म्हणाले आणि फळ्यांमध्ये हवेसाठी पट्ट्या घालू लागले. त्या फळ्या सावकाश सुकोत. गुरुजींचे हात असेच स्थिर राहोत, नजर अशीच स्वच्छ राहो. आणि तो कॅमेरा पुरा झाला की त्यांनी पुढच्यासाठी पुन्हा ओलं लाकूड आणावं, हीच आम्हा सर्व शिष्यांची मनापासून प्रार्थना.