व्रेनीचं विरजण

व्रेनी ड्यूर्स्टला कारखान्यातून काढा, असा ठराव मीच लिहिला होता. रविवारच्या कोटाच्या खिशात त्याची घडी असायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागलो की कुणी मला साधू समजायला नको.

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या खोऱ्यात चौदा गोठे आणि सगळ्यांचा मिळून चीजचा एक कारखाना. कारखाना म्हणजे तांब्याच्या दोन मोठ्या कढया, एक तळघर आणि व्रेनी. आधी तिचा नवरा मथियास चीज करायचा. त्याची कंबर कायमची धरली तेव्हा तिने परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला आणि स्वतः कढईपाशी उभी राहिली. सहा वर्षं तिच्या चीजमध्ये कुणाला खोट काढता आली नाही. आम्ही प्रयत्न केला नव्हता असं नाही.

१९५१च्या वसंतात मात्र घडी बिघडली. विरजण घालूनही दूध आंबेना. तळघरात ठेवलेली चीजची चाकं चेंडूसारखी फुगायची आणि कापली की नाक धरावं लागायचं. दोन महिन्यांत अकरा चाकं डुकरांपुढे गेली. चर्चच्या पायऱ्यांवर मी म्हणालो, "हे बाईच्या हातचं काम नाही." तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. आमचे अध्यक्ष बाल्झकाका लेग्लर मवाळ गृहस्थ. त्यांनी ऑगस्टच्या सभेपर्यंत मुदत दिली. तोवर चीज सुधारलं नाही, तर तिच्या जागी दुसरा माणूस.

व्रेनी रडली नाही की भांडली नाही. तिने चौदा बरण्या घेतल्या, प्रत्येकीत एकेका गोठ्याचं दूध ओतलं, चमचाचमचा विरजण घातलं आणि सगळ्या गरम पाण्यात ठेवल्या. दुपारपर्यंत तेरा बरण्या आंबल्या. चौदावी गोडच राहिली. संध्याकाळी धारा काढायच्या वेळी ती बरणी घेऊन ती माझ्या गोठ्यात आली.

"फ्रिडली, गाईला काय दिलंस?"

"ब्लेसची कास पुन्हा सुजली होती. पेनिसिलिनची ट्यूब सोडली सडात. परवा."

"आणि दूध? कॅनमध्ये ओतलंस?"

"मग काय डोक्यावर ओतू? औषधाने दूध नासत नाही, व्रेनी. उलट स्वच्छ होतं."

"तेच तर. इतकं स्वच्छ की माझं विरजणच मेलं."

धारेच्या स्टुलावर बसून तिने मला समजावलं. तिने डेअरी शाळेतल्या मास्तरांना आधीच पत्र लिहून सगळं विचारून घेतलं होतं. "विरजण म्हणजे जिवंत जंतू. वाढताना त्यांना अंगाभोवती भिंत बांधावी लागते. तुझं पेनिसिलिन ती भिंत धड बांधू देत नाही, मग ते फुटून मरतात. चीज फुगवणारे जंतू वेगळे. त्यांच्या भिंतीवर आणखी एक आवरण असतं, त्यांना हे औषध फारसं लागू पडत नाही. म्हणजे तू माझे राखणदार मारतोस आणि चोरांना घर मोकळं करून देतोस."

निमूट ऐकून घेईन तर मी कसला. "मग तुझं विरजणच लेचंपेचं," मी म्हणालो. "कणखर विरजण कर की."

"करून बघते," ती म्हणाली. सभासदाचं दूध परत पाठवायचा अधिकार फक्त सभेला होता, आणि मी ते ओतत राहणार हे तिला ठाऊक होतं.

रोज सकाळी ती विरजणाच्या एका बरणीत पेनिसिलिनच्या पाण्याचा एक थेंब टाकू लागली. पहिल्या दिवशी बरणी मेल्यातच जमा होती. पण चार-दोन जंतू तगले आणि वाढले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलंच चमचाभर नव्या दुधात. मग दोन थेंब, मग चार. चौथ्या आठवड्यात त्या विरजणाने माझं औषधाचं दूधही आंबवलं. जुलैभर एकही चाक फुगलं नाही. आणि मी गावभर सांगत सुटलो की अक्कल माझी, हात तिचे.

सभेला कारखान्याच्या माडीवर सगळे जमले. बाल्झकाका अभिनंदन करायला उठले, तेवढ्यात व्रेनीने त्या कणखर विरजणाची बरणी टेबलावर ठेवली.

"फ्रिडली, ट्यूब किती दिवस सोडतोस?"

"सूज उतरेपर्यंत."

"डॉक्टरने सांगितलेले सगळे दिवस नाही?"

"बरं वाटल्यावर कशाला? उरलेली पुढच्या वेळेला होते."

"म्हणजे मी बरणीत जे केलं, तेच तू कासेत करतोयस. थोडं औषध, पुन्हा थोडं औषध. माझे जंतू काही शाळेत गेले नव्हते. ज्यांना औषध सोसेना ते मेले, ज्यांना सोसलं त्यांचीच प्रजा झाली. भले जंतू चार आठवड्यांत एवढे निबर होतात, तर कासेतले वाईट स्वस्थ बसतील? ब्लेस कशी आहे?"

ब्लेसची कास तिसऱ्यांदा सुजली होती. दोन अख्ख्या ट्यूबा सोडल्या तरी उतरत नव्हती, आणि हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं.

व्रेनीने बरणी उचलली आणि कॉफीसाठी उकळत ठेवलेल्या पाण्यात उपडी केली. आंबूस वाफ माडीभर पसरली.

"अगं, ते चालत होतं की!" बाल्झकाका म्हणाले.

"चालत होतं, म्हणूनच ओतलं. ते असेपर्यंत तुम्ही कॅनमध्ये औषध ओतत राहाल, आणि एक दिवस ट्यूब कुठल्याच गाईला लागू पडणार नाही. हेच औषध आपल्या पोरांनाही देतात, काका. उद्यापासून माझं जुनं विरजण. औषध दिलेल्या गाईच्या शेपटीला लाल चिंधी बांधा. डॉक्टर सांगेल तितके दिवस पूर्ण औषध, आणि तो हो म्हणेपर्यंत दूध जमिनीत."

"आणि चाकं पुन्हा फुगली तर?"

"तर मला काढा. फ्रिडलीच्या खिशात ठराव तयारच आहे."

सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी कागद काढला, उलटा केला, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तिच्या अटी लिहिल्या आणि खाली पहिली सही ठोकली. मग बाकीचे तेराही जण रांगेने आले.

ब्लेसचं ते सड कायमचं गेलं. ते माझं पाप. पण त्यानंतर एकही चाक फुगलं नाही, आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या जत्रेत व्रेनीच्या चाकाला पहिला मान मिळाला. परीक्षक उठून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला इतका आनंद झाला की मी टोपी उडवली, ती परत सापडली नाही.

चाक एकशेनव्वद पौंडांचं, आणि ट्रक पार मैदानाच्या त्या टोकाला. मी हळूच सटकत होतो, तर मागून हाक आली.

"फ्रिडली, हे बाईच्या हातचं काम नाही ना? मग उचल."

सगळं खोरं बघत होतं. मी उचललं.